दरवाढीचं पत्र लिहिताना

वार्षिक देखभाल कराराचे दर वाढणार होते आणि ग्राहकांना तसं कळवायचं पत्र माझ्याकडे आलं. हाती आलेला मसुदा सुट्या भागांच्या महागाईपासून सुरू होत होता. नवा दर थेट तिसऱ्या परिच्छेदात. मी आधी क्रम उलटा केला. मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगायची पद्धत अमेरिकी सैन्यात आहे, तीच इथे लावली. विषयाच्या ओळीत दरबदल आणि तारीख, पहिल्या वाक्यात जुना दर आणि नवा दर, कारणं त्याखाली. विक्री विभागाला हे फार रोखठोक वाटलं. पण पत्र उघडणारा माणूस आधी आकडाच शोधतो. तो आडोशाला ठेवला तरी सापडतोच, आणि तोवर वाचणारा चिडलेला असतो.

खरं काम अडलं ते एका वाक्यापाशी: 'चालू करारांबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' कोण करणार? कधी? मी ते सोपं करायला बसले, तर जमेचना. मग लक्षात आलं, नवा दर लगेच लागू होणार की नूतनीकरणापासून, हेच कुणी ठरवलं नव्हतं. वित्त विभाग एक धरून चालला होता, विक्री विभाग दुसरंच. लिहिणं थांबवून दोघांना समोरासमोर बसवलं. निर्णय झाल्यावर वाक्य आपोआप आलं: 'तुमचा चालू करार संपेपर्यंत जुनाच दर राहील.' तेव्हापासून वाक्य धूसर दिसलं की मी शब्दांना हात लावण्याआधी निर्णय झालाय का, ते विचारते.

कायदा विभागाच्या अटी सोबतच्या स्वतंत्र पानावर गेल्या. तारखेत महिना अक्षरांत लिहिला, कारण 05/06 म्हणजे कुणाला 5 जून, तर कुणाला 6 मे.

साध्या भाषेबद्दल 2023 साली आलेलं आयएसओ 24495-1 हे मानक म्हणतं की वाचकाला हवं ते सापडावं, समजावं आणि वापरता यावं. म्हणून या कामाशी संबंध नसलेल्या एका सहकारी मैत्रिणीला पत्र दिलं आणि विचारलं, "तुझा करार असता तर तू आता काय केलं असतंस?" दर आणि तारीख तिने लगेच सांगितली. मग म्हणाली, "आणि मला करार पुढे चालू ठेवायचा नसेल तर?" त्याचं उत्तर पत्रात कुठेच नव्हतं. ते दोन ओळींत लिहिलं आणि पत्र रवाना केलं.

नंतर आलेले बहुतेक प्रश्न एकच होते: माझा करार नक्की कधी संपतो? पुढच्या पत्रात प्रत्येकाची तारीख छापायची, यासाठी ग्राहकांची यादी आत्ताच तपासायला घेतली आहे.