निकाल लागला, पवनचक्क्या फिरतच राहिल्या

ओस्लोत दर वर्षी ६ फेब्रुवारीला लाल, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या रंगांचा सामी ध्वज उभारला जातो, कारण १९१७ साली याच दिवशी ट्रॉनहाइम येथे सामी लोकांची पहिली मोठी परिषद सुरू झाली होती. येथील माझ्या पहिल्या हिवाळ्यात कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला सांगितले की सामी हे नॉर्वेचे 'उरफोल्क' आहेत. 'उर' म्हणजे मूळचे आणि 'फोल्क' म्हणजे लोक. आपल्या 'आदिवासी' या शब्दाच्या इतका जवळचा शब्द थेट उत्तर ध्रुवाच्या वाटेवर भेटावा, याचे मला नवल वाटले.

आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार सर्वप्रथम नॉर्वेने, १९९० मध्ये, मंजूर केला. (भारताने त्याआधीचा १०७ क्रमांकाचा करार १९५८ मध्ये स्वीकारला, १६९ मात्र स्वीकारलेला नाही.) हा मान काही सहज मिळालेला नव्हता. आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध १९७९ मध्ये सामी आंदोलक ओस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले होते. धरण झालेच, पण त्या संघर्षातून १९८८ मध्ये राज्यघटनेत सामींविषयीचे कलम आले आणि १९८९ मध्ये काराशोक येथे सामी संसद सुरू झाली.

एवढे सगळे असूनही फोसेनचे प्रकरण घडले, आणि मला तेच अधिक बोलके वाटते. फोसेन द्वीपकल्पावर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या रेनडिअरांच्या हिवाळी कुरणांवर. आपल्याकडचे धनगर जसे ऋतुमानानुसार मेंढरे घेऊन फिरतात, तसेच रेनडिअर पाळणारे हे सामी पशुपालक. एका ऋतूचे कुरण गेले की सगळे वर्षच विस्कटते. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने परवाने अवैध ठरवले. गंमत अशी की निकालाचा आधार तो गाजलेला १६९ क्रमांकाचा करार नव्हता, तर नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या कराराचे २७ वे कलम होते, ज्यात 'आदिवासी' हा शब्दच नाही. ते अल्पसंख्याकांच्या संस्कृतीविषयी बोलते. रेनडिअरपालन हा सामींच्या संस्कृतीचाच भाग, हे न्यायालयाने मानले, म्हणून ते कलम लागू पडले.

पवनचक्क्या मात्र फिरतच राहिल्या. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण-तरुणी पारंपरिक 'गाक्ती' पोशाखात ऊर्जा मंत्रालयात ठाण मांडून बसल्या. मंत्र्यांनी माफी मागितली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये तेथील दोन पशुपालक गटांशी समझोते झाले. त्यांत भरपाईची आणि हिवाळी चराईसाठी दुसरीकडे जागा देण्याची तरतूद आहे. पाती काढून टाकण्याची नाही.