३ फूट बाय ६ फूट : आठवणींच्या गोधडीचं शिवणकाम

३ फूट रुंद, ६ फूट लांब. एड्सने गेलेल्यांच्या नावांची कापडं जोडून अमेरिकेत शिवलेली गोधडी म्हणजे एड्स मेमोरियल क्विल्ट. तिच्यातल्या प्रत्येक पॅनेलचं, म्हणजे एकेका कापडाचं, माप हेच, आणि १९८७ पासून ते बदललेलं नाही. माणूस पुरायला साधारण एवढी जागा लागते, म्हणून हे माप धरलं. आपण देहाला साडेतीन हातांचा म्हणतो; हे कापड चार हात भरतं.

समलिंगी हक्कांच्या चळवळीबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक कोर्टाचे निकाल आणि मोर्चे यांच्याबद्दल. शिवणयंत्रावर उभ्या राहिलेल्या या कामाकडे फारसं कुणी वळत नाही. क्विल्टचा उल्लेख आलाच तर ती किती प्रचंड आहे एवढं सांगून लोक पुढे जातात. ती टिकली आणि वाढली कशी हे समजून घ्यायचं असेल तर दुमड, अस्तर आणि जोड इथूनच सुरुवात करावी लागते.

सॅन फ्रान्सिस्कोत उघडपणे समलिंगी असलेले नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचा २७ नोव्हेंबर १९७८ रोजी खून झाला. त्यांच्या स्मृतीसाठी दरवर्षी मेणबत्त्यांचा मोर्चा निघायचा. १९८५ च्या मोर्चाच्या तयारीत असताना क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला कळलं, की एकट्या त्या शहरात एड्सने गेलेल्यांची संख्या हजारावर गेली आहे. त्याने मोर्चातल्या लोकांना पुठ्ठ्यांवर आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहायला सांगितली. मोर्चाच्या शेवटी शिड्या लावून ते पुठ्ठे केंद्र सरकारच्या इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. लांबून ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली, आणि कल्पना तिथून निघाली. पहिलं पॅनेल जोन्सने मार्विन फेल्डमन या मित्राच्या नावाने केलं. जून १९८७ मध्ये नेम्स प्रोजेक्ट ही संस्था उभी राहिली, मार्केट स्ट्रीटवर एका दुकानाच्या जागेत कार्यशाळा सुरू झाली, आणि देशभरातून टपालाने कापडं यायला लागली.

११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये गे आणि लेस्बियन हक्कांसाठी राष्ट्रीय मोर्चा निघाला. त्याच दिवशी संसदेसमोरच्या विस्तीर्ण हिरवळीवर, नॅशनल मॉलवर, क्विल्ट पहिल्यांदा अंथरली. पॅनेलं १,९२०. त्या शनिवार-रविवारी सुमारे ५ लाख लोकांनी ती पाहिली. हा दिवस निवडण्यामागे कारण होतं. आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉवर्स विरुद्ध हार्डविक खटल्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जिया राज्याचा कायदा वैध ठरवला होता. जोडीदार कायद्याच्या लेखी परका होता. रुग्णालयात आत सोडायचं की नाही, अंत्यसंस्कार कुणी करायचे, घर कुणाच्या नावावर राहणार, सगळं रक्ताच्या नातेवाइकांच्या हातात होतं. कित्येक घरांनी मृत्यूचं कारण लपवलं. अशा काळात सरकारच्या दारात नाव उघडं अंथरणं हेच राजकारण होतं, घोषणा दिली नाही तरी.

क्विल्टचा सगळ्यात धीट नियम मला कापडाच्या मापापेक्षा दुसराच वाटतो: पॅनेल कुणीही शिवावं. नात्याचा पुरावा मागत नाहीत. आई शिवते, जोडीदार शिवतो, परिचारिका शिवते, ज्याला कधी भेटलेच नाहीत अशा माणसासाठीही लोक शिवतात. एकाच माणसाची दोन पॅनेलं असली तरी चालतं, एक घरच्यांचं आणि एक जोडीदाराचं. काही पॅनेलांवर फक्त पहिलं नाव आहे, काहींवर नुसती आद्याक्षरं, कारण पूर्ण नाव लिहायची सोय नव्हती. मजकुरालाही कात्री लागत नाही. रॉय कोन हा वकील १९५० च्या दशकात समलिंगी कर्मचाऱ्यांना सरकारी नोकऱ्यांतून हुसकणाऱ्यांपैकी एक. तो स्वतः १९८६ मध्ये एड्सने गेला. त्याच्या पॅनेलवर तीनच शब्द आहेत, ज्यांचा अर्थ होतो दांडगट, भेकड, बळी. तेही इतरांच्या शेजारी शिवलेलं आहे.

आता कापडाकडे.

क्विल्ट म्हणत असले तरी ही खरी गोधडी नव्हे. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून काठापासून आत धावदोरा घालत जातात. इथे मध्ये काही भरायचंच नसतं. कापूस किंवा फोम भरला की घडी फुगते, आणि हजारो घड्या एकावर एक रचायच्या असल्यावर ते परवडत नाही. पुढचं कापड आणि मागे अस्तर, बस्स. कापड मध्यम जाडीचं आणि न ताणणारं हवं: पॉपलिन किंवा जाड सुती कॅनव्हास. होजिअरीचं कापड घेतलं तर टांगल्यावर लोंबतं आणि ३ फुटांचं ३ फूट राहत नाही.

इथे पहिली चूक होते ती पन्ह्याची. तयार माप ३ बाय ६, म्हणजे ३६ बाय ७२ इंच. दुमडीसाठी चारही बाजूंना २ इंच सोडायचे, म्हणजे कापायचं ४० बाय ७६. ३६ पन्ह्याचं कापड आणलं तर दुमडायला काही उरतच नाही. ४४ पन्ह्याचं घ्यावं, सव्वादोन मीटर. ७६ इंचांना दोन मीटर कसेबसे पुरतात, पण सुती कापड पाण्यात आटतं. कापण्याआधी ते एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. त्यात रंग जातोय का हेही कळतं. अस्तरालाही तोच हिशेब, आणि अस्तराला मांजरपाट चालतो. जुन्या साडीचा किंवा सदऱ्याचा तुकडा लावायचा असेल तर त्याखाली मांजरपाट हवाच. वर्षानुवर्षं धुतलेलं कापड मऊ लागतं खरं, पण ताण आला की टाक्याच्या रेषेतच फाटतं.

नाव चिकटवू नका, शिवा. डिंक दोन-चार वर्षांत सुटतो आणि कापडावर पिवळा डाग ठेवून जातो. अक्षरं कापून, कडा पाव इंच आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवली की दशा निघत नाहीत. रंगवायचं असेल तर कापडाचाच रंग वापरावा. ट्यूबमधून फुगीर रेघ उमटवणारे रंग घडी पडली की तडकतात. टिकल्या आणि काच नकोच: घडीत त्या शेजारच्या पॅनेलला घासतात आणि दुसऱ्याच कुणाचं तरी कापड फाडतात. फोटो इस्त्रीने उमटवायच्या कागदावर घेऊन आधी शंभर टक्के सुती तुकड्यावर उतरवावा आणि तो तुकडा शिवावा. मूळ फोटोच लावायचा असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिशात घालून, पण मधोमध नको. घडी नेमकी तिथेच पडते.

देवनागरीची एक वेगळी सोय आणि एक वेगळी अडचण. शिरोरेषेमुळे अख्खं नाव एका तुकड्यात कापता येतं, अक्षरं तिरकी होत नाहीत. पण रोमन अक्षरांसाठी आखलेली जागा पुरत नाही. अक्षर ६ इंचांचं धरलं तर वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार मिळून ९ ते १० इंच उंची लागते. ती आधी कागदावर काढून पाहिली नाही तर ‘सुनीती’मधला उकार खालच्या ओळीत घुसतो. आणि ६ इंचांपेक्षा लहान अक्षर करू नये. लोक बाजूच्या वाटेवर उभे राहून खाली पाहतात, वाकत नाहीत.

पॅनेल तयार झालं की पुढचं काम कार्यशाळेचं. अशी ८ पॅनेलं जोडून १२ बाय १२ फुटांचा एक ब्लॉक होतो. उभी-आडवी दोन्ही पॅनेलं चालतात, पण आडवी सम संख्येतच बसतात. ७ उभी आणि १ आडवं असा चौकोन काही केल्या पुरा होत नाही. दोन आडवी एकावर एक ठेवली की ६ बाय ६ चा तुकडा मिळतो आणि मग गणित सुटतं. माप अर्ध्या इंचाने चुकलेलं पॅनेल शेजारच्या सातांना ओढतं, म्हणून मापाबाबत एवढी कडक शिस्त. ब्लॉकच्या चारही कडांना कॅनव्हासचा गोट, गोटात धातूच्या कड्या, आणि प्रत्येक ब्लॉकला क्रमांक. कड्यांमुळे ब्लॉक एकमेकांना बांधता येतात आणि टांगताही येतात. कड्या पितळी घ्याव्यात. लोखंडी कड्यांचा गंज पहिल्याच दमट हंगामात कापडावर उतरतो. कॅनव्हासच्या दुहेरी थराला सोळा नंबरची सुई लावावी, त्याहून बारीक तुटते.

या हिशेबाने पहिल्या दिवशीची १,९२० पॅनेलं म्हणजे बरोबर २४० ब्लॉक. वर्षभराने, ऑक्टोबर १९८८ मध्ये, व्हाइट हाऊससमोरच्या मैदानावर ८,२८८ पॅनेलं होती, म्हणजे १,०३६ ब्लॉक. ऑक्टोबर १९९६ मध्ये अख्खी क्विल्ट एकत्र अंथरली गेली, ती शेवटची. आज सुमारे ५० हजार पॅनेलं आहेत, १ लाखाहून अधिक नावं आणि वजन ५४ टन. भागून पाहिलं तर एका पॅनेलला साधारण एक किलो पडतो. ‘द लास्ट वन’ एवढंच लिहिलेलं एक पॅनेलही आहे, साथ संपेल तेव्हा सगळ्यात शेवटी जोडायचं म्हणून पाठवलेलं. ते अजून कुठल्याच ब्लॉकला शिवलेलं नाही.

अंथरण्याचीही रीत आहे. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घडीभोवती गोल उभे राहतात, न बोलता एकेक कोपरा बाहेर ओढतात, सगळे मिळून ब्लॉक उचलतात, फिरवतात आणि जागेवर टेकवतात. कमळ उमलावं तसं ते दिसतं. त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून नावं वाचली जातात. हे सोपं वाटतं, पण वेळ काढून ठेवावा लागतो: एका नावाला ५ सेकंद धरले तरी १,९२० नावांना २ तास ४० मिनिटं लागतात. वाचणाऱ्याला नावांची यादी उच्चारासकट आधी द्यावी. नाव चुकीचं वाचलं गेलं की समोर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतं याची कल्पना करता येईल.

सगळ्यांना ही क्विल्ट पटली नव्हती. ॲक्ट अप या आक्रमक संघटनेतल्या अनेकांचं म्हणणं होतं, की माणसं सरकारच्या बेपर्वाईने मरताहेत आणि आपण रडत कापडं कसली पाहतोय. ११ ऑक्टोबर १९९२ ला क्विल्ट वॉशिंग्टनमध्ये अंथरलेली असतानाच त्यांच्यातल्या काहींनी मोर्चा काढून आपल्या माणसांची राख आणि अस्थी व्हाइट हाऊसच्या कुंपणावरून आतल्या हिरवळीवर टाकल्या. त्यांचा राग खरा होता, आणि औषधांच्या चाचण्या व किमती यांत जे बदल झाले त्यात या रागाचा मोठा वाटा आहे. तरी मला वाटतं, दोन्ही कामं एकमेकांना लागत होती. जी आई कधीच रस्त्यावर उतरली नसती, ती मुलाचा सदरा कापून शिवायला बसली आणि तो कशाने गेला हे तिने पहिल्यांदा शेजाऱ्यांसमोर उच्चारलं. मोर्चाला तिच्यापर्यंत पोहोचायची वाट नव्हती.

महाराष्ट्रात एखाद्या गटाला छोट्या प्रमाणावर असं काही करायचं असेल तर कापडाआधी नावाचा विचार करावा. एचआयव्हीबाबतची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन २०१७ च्या कायद्याने घातलं आहे; मागे राहिलेल्या जोडीदारावर आणि मुलांवर त्या एका नावाने काय ओढवेल ते शिवणाऱ्याने त्यांनाच विचारावं, आणि होकार लेखी घ्यावा. स्मृतिपट फक्त एड्सपुरता न ठेवता गेलेल्या सगळ्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांसाठी ठेवला, तर कुणाचंही कारण उघड होत नाही. पुरावा न मागण्याचा नियम मात्र जसाच्या तसा उचलावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला नाही, त्यामुळे भारतात तो त्यांना मिळालेला नाही. जोडीदार म्हणून नाव लिहायला हे कापड ही थोड्या जागांपैकी एक असेल.

१६ पॅनेलं, म्हणजे दोन ब्लॉक, एवढ्यावर सुरुवात पुरे. दोन्ही मिळून १२ बाय २४ फुटांची जागा आणि भोवती फिरायला ४ फुटांची वाट. गवतावर दव असतं, म्हणून खाली ताडपत्री. पाऊस आला तर कोपरे आत घेऊन झटपट गुंडाळायचं आणि त्याच दिवशी सावलीत पसरून पूर्ण वाळवायचं. ओली घडी आपल्या हवेत आठवड्याच्या आत बुरशी धरते आणि तिचे काळे ठिपके जात नाहीत.

प्रत्येक पॅनेलसोबत शिवणाऱ्याचं पत्र आणि एक फोटो मागून घ्यावा. नेम्स प्रोजेक्टने ही पत्रं जपली म्हणून आज ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकजीवन विभागात आहेत, आणि कोणता सदरा कुणाचा होता हे त्यांतून कळतं. आपल्याकडे एक पक्क्या बांधणीचं रजिस्टर पुरतं: क्रमांक, नाव, शिवणारा, कापड कुठून आलं, होकाराची तारीख. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरात. ब्लॉक लोखंडी कपाटात जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नाही, आणि दर सहा महिन्यांनी उघडून घडी वेगळ्या रेषेवर घालावी. एकाच जागी दुमडत राहिलं की कापड तिथेच चिरतं.