यिर्मयाचे पूर्ण पत्र

रविवार, रात्री

पुतण्याला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही ही बातमी कळल्यापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन पुन्हापुन्हा येत आहे. कोणी ते सूर्योदयाच्या चित्रावर पाठवले, कोणी गुलाबाच्या. परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते पुढील काळाची आशा देणारे आहेत, असे सांगणारे हे वचन आपल्या ख्रिस्ती समाजात इतके पाठ आहे की त्याचे पहिले दोन शब्द उच्चारले तरी पुढचे समोरचा माणूस पूर्ण करतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही यंदा तेच आहे.

आज उपासनेनंतर तो जेवायला आला, तेव्हा मी त्याचे सांत्वन करण्याच्या भानगडीत पडले नाही. जेवण झाल्यावर पवित्र शास्त्र त्याच्या हातात दिले आणि तो अध्याय पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सांगितले. त्याने थोडे तोंड वाकडे केले, पण वाचले.

ते एक पत्र आहे, हेच त्याला ठाऊक नव्हते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ. स. पू. 597 मध्ये यरुशलेमेतून यहूदाच्या यकन्या राजाला, राजमातेला, सरदारांना, कारागिरांना आणि लोहारांना बाबेलास नेले. त्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र लिहिले आणि यकन्यानंतर गादीवर आलेल्या सिद्कीया राजाच्या दूतांच्या हाती पाठवले. आता तिकडे बसलेल्या माणसाला काय ऐकायचे असेल? लवकरच घरी परत याल, एवढेच. पत्रात मात्र असे आहे की घरे बांधा व त्यांत राहा, मळे लावा व त्यांचे फळ खा, लग्ने करा, मुलांचीही लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी आपले घर लुटले त्यांच्या शहरासाठी प्रार्थना! त्यापुढे दहाव्या वचनात मुदत आहे: सत्तर वर्षे. आणि मग कॅलेंडरवरचे अकरावे.

तो वाचता वाचता थांबला. “म्हणजे काकू, हे पत्र ऐकणारे बहुतेक जण तिथेच वारले असणार ना?”

वारलेच असणार. जो माणूस तिशीत पकडून नेला गेला, त्याने सत्तर वर्षांनंतरची पहाट पाहिली असेल असे समजायला जागा नाही. आशा खरी होती, पण ती त्याच्या नातवंडांच्या वाट्याची होती; त्याच्या स्वतःच्या वाट्याला मळा लावणे आले. हे कळल्यावर ते वचन हलके होत नाही, उलट त्याला वजन येते. मात्र “तुला पुढच्या यादीत नक्की प्रवेश मिळेल” असा त्याचा अर्थ काढता येत नाही, आणि गटावर ते ज्या हेतूने फिरत होते तो हेतू हाच होता. पाठवणाऱ्यांचा मी दोष मानत नाही. मायेपोटीच पाठवले त्यांनी. दोष असलाच तर वचन तुकड्याने घेण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

या सवयीला आकड्यांनीही हातभार लावला आहे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँगटन यांच्या नावे सांगितली जाते, आणि नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक पॅरिसचे मुद्रक रोबेर एतिएन यांनी 1551 च्या आवृत्तीत दिले. शोधण्याच्या दृष्टीने ही सोय फार मोठी आहे, ती नसती तर उपदेशाच्या वेळी सगळी मंडळी एकाच पानावर कधी आलीच नसती. परंतु नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने काही क्रमांक घालून लिहिले नव्हते. ‘मी सर्व काही करण्यास समर्थ आहे’ या अर्थाचे फिलिप्पैकरांस पत्रातले वचन परीक्षेच्या काळात मुले वहीवर लिहितात. त्याच्या आधीच्याच ओळीत पौल पोटभर असणे आणि उपाशी असणे, दोन्ही आपण शिकलो आहोत असे सांगतो, आणि हे सर्व तो बंदिवासातून, एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीची पोच देताना लिहितो. ते सामर्थ्य जिंकण्याचे कमी आणि निभावण्याचे अधिक आहे. चारच अध्यायांचे पत्र, एका बैठकीत अर्ध्या तासाच्या आत वाचून होते.

स्वतः वाचण्याचा विषय निघाला की मला पंडिता रमाबाईंची आठवण होते, आणि ती त्यांनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळे जेवढी होते त्याहून अधिक त्यांच्या इंग्लंडातील दिवसांमुळे होते. 1883 मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे दोन वर्षांच्या आतच तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना कधी कधी धाकधूक होते, इतक्या त्या सडेतोड आहेत. ज्यांनी आसरा दिला, ज्यांना त्या आदराने वागवत, त्यांनाच त्या 1885 साली कळवतात की भारतातील पुरोहितांचे जोखड नुकतेच मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्या कोणाचे जोखड घेण्याची माझी इच्छा नाही. धर्मगुरू सांगतात म्हणून नव्हे, तर देवाच्या वचनात आढळेल तेच मी मानीन. हा स्वभाव ख्रिस्ती झाल्यावर आलेला नव्हता. वडिलांनी रूढी मोडून आईला संस्कृत शिकवले, आईने मुलीला शिकवले, पुढे बंगालमध्ये केशवचंद्र सेनांनी वेद वाचण्यास सुचवले तेव्हा त्यांनी तेही वाचायला घेतले. हाती येईल तो ग्रंथ स्वतः उघडून पाहायचा, ही त्यांची रीत जुनीच होती.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवले होते, तरी त्यांच्यासमोर होती ती खेड्यातली, नुकतीच अक्षरओळख झालेली बाई. छापखान्यातही मुक्तीमधल्या स्त्रियाच राबत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, त्याआधीची त्यांची अखेरची वर्षे याच कामात सरली. ज्या बाईला कोणी काही वाचून दाखवण्याच्या लायकीचे समजत नव्हते, तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, यासाठी हा सगळा खटाटोप होता. आणि आपण, ज्यांच्या घरात तीन-तीन प्रती आहेत आणि मोबाइलवर चौथी, सकाळी आलेले एक वचन अंगठा दाखवून पुढे सारतो.

अर्थात स्वतः वाचणे म्हणजे एकट्याने वाटेल तो अर्थ लावणे नव्हे. हे मी लिहून ठेवते, कारण दुसऱ्या टोकाची माणसेही मी पाहिली आहेत, ज्यांना दोन अध्याय वाचले की सगळी मंडळी चुकीची वाटू लागते. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी सुवार्तिक फिलिप्पाला सरळ म्हणतो की कोणी समजावल्याशिवाय मला कसे कळणार. पण तो आधीच वाचत होता, म्हणून त्याच्याजवळ विचारायला प्रश्न होता. त्याच पुस्तकातल्या बिरुया नगराच्या लोकांचेही तेच. त्यांनी पौलाचे म्हणणे उत्सुकतेने ऐकले आणि ते तसेच आहे की काय, हे पाहण्यासाठी दररोज शास्त्र तपासले. गुंडाळ्या तेव्हा घरोघरी नव्हत्या, म्हणजे हे तपासणे चारचौघांत बसूनच झाले असणार. पौल त्यांच्यावर रागावला असे कोठे लिहिलेले नाही. उलट कृत्यांचा लेखक लूक त्यांना अधिक मोठ्या मनाचे म्हणतो. उपदेश ऐकून घरी तोच उतारा पुन्हा उघडणाऱ्या सभासदाकडे पाळकांनीही तसेच पाहावे, असे मला वाटते.

पुतण्या संध्याकाळी निघताना आधीचा, अठ्ठाविसावा अध्यायही वाचून गेला. त्यात हनन्या संदेष्टा मंदिरात, याजकांच्या व सर्व लोकांच्या देखत, दोन वर्षांत सगळे परत येईल असे सांगतो, आणि बाबेलच्या दास्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले जू काढून मोडतो. तोही ‘परमेश्वर म्हणतो’ असेच म्हणतो. यिर्मया प्रथम ‘आमेन’ म्हणतो, परमेश्वर तसेच करो म्हणतो, शांतीचा संदेश खरा ठरला की संदेष्टा ओळखला जाईल असेही सांगतो, आणि जू मोडल्यावर काही न बोलता निघून जातो. मुलाने विचारले की तिथे उभ्या असलेल्या माणसाने त्या दिवशी कोणाचे खरे मानायचे, दोघेही एकाच नावाने बोलत असताना? माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली, संदेष्ट्याचे बोलणे खरे ठरते की नाही ही कसोटी मी त्याला दाखवली, पण तीही घडून गेल्यावरच लागू पडते. बुधवारच्या शास्त्राभ्यासाला त्याला सोबत नेणार आहे, आणि हा प्रश्न पाळकसाहेबांना त्यानेच विचारायचा असे ठरले आहे.