२०१२चा मॅकबुक, सोनोमा आणि ‘डोअर लॉक्ड’

आधीच सांगून टाकते, जुन्या मॅकबुकवर सोनोमा, म्हणजे ॲपलच्या मॅकओएसची नंतरची आवृत्ती, बसवायला एक संध्याकाळ पुरते. पुढचं रामायण वाचून कुणी घाबरू नये म्हणून हे पहिल्यांदा. मला वेळ लागला तो एका दुकानदाराच्या छातीठोक निदानामुळे, आणि त्याहून जास्त एका कुरिअरमुळे. फोंडा तालुक्यातलं आमचं घर त्यांना काही केल्या सापडेना. पहाटे अंधारात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत बरोबर दारात येतो, पण ह्यांच्या नकाशात आम्ही नाहीच. असो, तिकडे येतेच आहे.

माझा लॅपटॉप म्हणजे २०१२च्या मध्यात आलेला १३ इंची मॅकबुक प्रो. डीव्हीडी घालायची फट असलेला, स्क्रू काढून आत हात घालता येतो असा. हे मॉडेल २०१६ पर्यंत विकलं जात होतं, त्यामुळे अजून पुष्कळांच्या घरी असेल. मी त्याच्यावर नाटकांची हँडबिलं, जत्रेची पत्रकं, लग्नपत्रिका असं काम करते. कंपनीच्या हिशेबाने त्याची धाव २०१९च्या कॅटलिना ह्या मॅकओएस आवृत्तीपर्यंत. तेवढ्यावर माझं भागत होतं. पण २०२४ मध्ये क्रोमने कॅटलिनाची साथ सोडली, आणि पुढे एकेक साइट ‘ब्राउझर अपडेट करा’ म्हणत दार लावून घेऊ लागली. बँकेचं मी सहन केलं असतं, मोबाइलवर होतं ते. प्रेसवाल्याकडे फायली पाठवायची साइट बंद पडली तेव्हा मात्र काहीतरी करणं भाग होतं.

ह्यासाठी ओपनकोअर लेगसी पॅचर नावाचा प्रोग्राम आहे. फुकट. डॉर्टानिया नावाच्या गटाने तो केलाय. त्याची कामं दोन. मशीन चालू होताना मॅकओएसच्या आधी ओपनकोअर उठतो आणि ‘हे मॉडेल चालणार नाही’ ही आडकाठी काढून टाकतो. दुसरं काम सिस्टीम बसल्यावरचं. ह्या लॅपटॉपातल्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सचे ड्रायव्हर ॲपलने नंतरच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून वगळले, ते हा परत आणून घालतो. त्याला रूट पॅच म्हणतात. तो घालेपर्यंत स्क्रीन इतकी रखडत चालते की पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. धीर धरा, पॅच बसला की सगळं सुरळीत होतं.

पेनड्राइव्ह १६ जीबीचा चालतो, मी ३२चा घेतला. इन्स्टॉलरच १३ जीबीच्या आसपास आहे. तो पॅचरमधूनच उतरवता येतो, कुठल्या तरी भलत्या साइटवरून घेऊ नका. पावसाळ्यात हे करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर मरतो. राउटरला छोटा यूपीएस असेल तर डाउनलोड रात्री लावून झोपा.

हे सगळं विनासायास झालं. नंतर मी जुनी हार्डडिस्क काढून नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, आत घातली, पेनड्राइव्ह लावला, ऑप्शन की दाबून लॅपटॉप चालू केला, ‘ईएफआय बूट’ निवडलं, मग इन्स्टॉलर. डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हायसेस’ करून अख्खी डिस्क, फॉरमॅट एपीएफएस आणि स्कीम जीयूआयडी निवडून, इरेज केली. नुसतं आतलं पार्टिशन इरेज करू नका. आणि इन्स्टॉल सुरू.

पट्टी थोडी सरकली आणि थांबली ती थांबलीच. पुन्हा केलं, तर ह्या वेळी डिस्क इरेजच होईना. त्यानंतर एकदा अर्ध्यावर जाऊन एरर. एकदा तर डिस्कच गायब, स्क्रीनवर प्रश्नचिन्हवालं फोल्डर लुकलुकतंय. पेनड्राइव्ह नव्याने केला, पॅचरची आवृत्ती बदलली, रॅम काढून लावली. प्रत्येक वेळी नवीन ठिकाणी नवीन रड. आणि खरी गंमत म्हणजे जुनी हार्डडिस्क परत लावली की कॅटलिना काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

शेवटी पणजीत एका दुकानात नेला. दुकानदाराने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. पेनड्राइव्ह बघितला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, असले क्रॅक घातले की बोर्ड उडतो. बोर्ड गेलाय तुमचा. आता ह्यात पैसे घालू नका, नवीन घ्या.’’ लगेच काउंटरवरचे नवीन कुठले ते दाखवायला लागला. तपासणीचे पैसे मात्र रोख घेतले. मला अजून ह्याचा राग येतो. ओपनकोअर डिस्कवरच्या एका लहानशा ईएफआय पार्टिशनमध्ये बसतो. डिस्क काढली की तोही गेला. बोर्डाला तो हात लावत नाही. बोर्ड गेला असता तर जुनी डिस्क कशी चालली असती, हे विचारल्यावर उत्तर आलं, ‘‘तीपण जाईल बघा.’’

म्हापशाला माझा भाचा असतो, त्याच्याकडे विंडोजचा डेस्कटॉप आहे. मी एसएसडी घेऊन गेले. त्याने ती आत जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासायचा प्रोग्राम उघडला. डिस्कची तब्येत ‘गुड’. ‘‘मावशे, हें पळय,’’ म्हणत त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. सी७, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट. नव्या कोऱ्या डिस्कवर तिथे शून्य हवं, ह्या डिस्कवर भलामोठा आकडा होता. डिस्क आणि बोर्ड ह्यांच्यामध्ये डेटा जाताना नासला की हा आकडा वाढतो. त्याच्या डेस्कटॉपवर भरपूर फायली इकडून तिकडे केल्या तरी तो जागचा हलला नाही. म्हणजे डिस्क ठीक, वाट खराब. खात्री करायला एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून लॅपटॉपला बाहेरून लावली आणि सोनोमा त्याच्यावर टाकला. एका संध्याकाळीत बसला, एकदाही कुठे अडकला नाही.

ह्या मॉडेलची हार्डडिस्कची केबल हे जुनं जाहीर दुखणं आहे. कागदासारखी पातळ, काळी, चपटी पट्टी, ॲल्युमिनियमच्या खालच्या झाकणाला घासत राहते. संथ हार्डडिस्कला ती कशीबशी पुरते, एसएसडीच्या वेगाला टिकत नाही. तुमचा इन्स्टॉल दरवेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर पॅचरला शिव्या घालण्याआधी डिस्क यूएसबीवर लावून बघा. पैसा लागत नाही.

केबल गोव्यात मिळेना. विक्री थांबून ७ वर्षं उलटलेल्या मशीनचे सुटे भाग कंपनी देत नाही, त्यामुळे तो रस्ता बंदच होता. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे मिळाली. केबलवर ८२१ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो, तो जुळवूनच मागवा. २०११च्या १३ इंचीची दिसायला तशीच असते, नंबर वेगळा.

आणि मग ते कुरिअर. ट्रॅकिंगवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आलं त्या दिवशी मी सकाळपासून सोप्यावर बसून होते. दार सताड उघडं, कुत्रं बांधलेलं. संध्याकाळी मेसेज, ‘डोअर लॉक्ड’. दुसऱ्या दिवशी ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’. मग ‘ॲड्रेस इनकम्प्लीट’. घर नंबर, वाडा, गाव, तालुका, पिन, सगळं लिहिलंय, आणखी काय पूर्ण करायचं? कॉल सेंटरवरची मुलगी रस्त्याचं नाव मागते. आमच्याकडे वाड्यांना नावं असतात, रस्त्यांना नसतात. देवळाची तळी सांगितली, तळीकडून वर येणारा चढ सांगितला, लोकेशन पाठवलं. ‘‘मॅम, अपडेट कर दिया है.’’ परत ‘डोअर लॉक्ड’.

मी स्वतः फोंड्याच्या त्यांच्या ऑफिसात गेले. तिथला मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, बॅग मडगावला परत गेली. मडगावला गेले तर तिथे म्हणतात, सिस्टीममध्ये फोंड्यालाच दाखवतंय. भिंतीपाशी पाकिटांचा ढीग पडलेला होता, त्यात बघू का म्हटलं तर ‘‘अलाउड नाही.’’ मी बस धरून घरी पोचेपर्यंत पार्सल मुंबईच्या वाटेला लागल्याचा मेसेज हजर. कोण आलं होतं, कधी आलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. वाड्यावर त्या कुरिअरची गाडी कुणीच बघितलेली नव्हती.

विक्रेता भला निघाला. पुन्हा पाठवतो म्हणाला. मी एवढंच म्हटलं, स्पीड पोस्टने पाठवा. पोस्टमनने आणून दिलं, सही घेतली, पाणी प्यायला आणि विचारलं, ‘‘बाय, फाटल्यान इतले दीस कितें सोदतालीं?’’ म्हणजे पोस्टमनला माझी शोधाशोध माहीत, कुरिअरला घर माहीत नाही. खेड्यात राहणाऱ्यांनो, सुटा भाग मागवताना पहिला प्रश्न हाच विचारा, पोस्टाने पाठवाल का?

केबल बदलणं अर्ध्या तासाचं काम. खालच्या झाकणाचे १० बारीक फिलिप्स स्क्रू, त्यातले ३ लांब. कुठला कुठून काढला ते कागदावर चित्र काढून तिथेच चिकटवा. आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. डिस्कच्या बाजूच्या ४ स्क्रूंना टी६ टॉर्क्स लागतो, तो मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतो. मी फोंड्यातल्या एकाकडून तासाभरासाठी मागून आणला. केबल अलगद सोलून काढायची, तिला खाली गोंद असतो. जुनी काढून उजेडात धरली तर वळणावर काळं आवरण झिजून तांब्याची बारीक रेघ चमकत होती. नवीन बसवण्याआधी ज्या जागी घासते तिथे झाकणाच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रिकल टेप लावली. केबल ब्रॅकेटसकट घ्या, पुढच्या कडेचा झोपेचा दिवा त्याच्यावरच असतो.

मग सोनोमा आतल्या डिस्कवर, एका दमात. दुकानदाराला फोटो पाठवायचा मोह झाला होता. पाठवला.

राहिलेलं सांगते. सोनोमात ह्या लॅपटॉपचं वायफायसुद्धा रूट पॅच घातल्यावरच येतं, म्हणून इथरनेट केबल जवळ असू द्या. मशीनला तशी जागा आहे, राउटरपाशी बसून करा. सगळं नीट झालं की पॅचरमधूनच ओपनकोअर आतल्या डिस्कवर बसवा, नाहीतर दरवेळी पेनड्राइव्ह लावावा लागतो. तरी तो पेनड्राइव्ह पुसू नका. ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा. अपडेट झालं की पॅच उडतात, स्क्रीन पुन्हा रखडते, मग पॅचर उघडून रूट पॅच परत घालायचा. कामाच्या गर्दीत हे नको. ह्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ ही नव्या प्रोसेसरांतली सोय नाही, त्यामुळे ते मागणारे नवे प्रोग्राम चालणार नाहीत. विकत घेण्याआधी बघा. रॅमबद्दल कंपनी ८ जीबी म्हणते, १६ चालते, आणि सोनोमाला ती हवीच.

आणि बॅकअप. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मी टाइम मशीन ह्या मॅकच्या बॅकअप प्रोग्रामवर घेतला होता, म्हणून एवढे उपद्व्याप बिनधास्त केले.

भाचा आता सोनोमानंतरची सेकोइया घालूया म्हणून मागे लागलाय. पॅचर तेही करतो. ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय की इंटेल मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती. तेव्हा मला घाई कसली? चतुर्थीची हँडबिलं होऊ देत, मग बघू.