घाम न येणारी घोडी

फोनवर निदान आधीच ठरलेलं होतं. "न्यूमोनियाच आहे, औषधं चालू आहेत, पण धाप काही कमी होत नाही. एकदा फुप्फुसं बघून जा." घोडेमालक बहुतेक वेळा निदान सांगूनच बोलावतात, आपण जाऊन फक्त शिक्का मारायचा असतो. ताप किती आहे, असं विचारल्यावर कळलं की सकाळी मोजला होता, अडतीस सेल्सिअसच्या आसपास होता. आत्ताचा कुणी मोजला नव्हता.

मी पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, हवा इतकी दमट की दोरीवर टाकलेले पट्टेसुद्धा वाळत नव्हते. मैदानातून नुकतेच दोन घोडे आत आले होते. दोघांनी काम सारखंच केलेलं, थोडी दुडकी आणि एक छोटी रपेट, फार काही नाही. त्यातला पांढरा घोडा मानेपासून मांड्यांपर्यंत भिजला होता आणि लगामाचा पट्टा घासतो तिथे त्याच्या मानेवर फेस आला होता. शेजारी कुमैत घोडी. ती कोरडी ठणठणीत. नाकपुड्या फुललेल्या, पोटाच्या बाजू भात्यासारख्या हलत होत्या आणि नजर कुठेच ठरत नव्हती.

"ठाणावर उभी असली की बरी दिसते, म्हणून आज जरा बाहेर काढली," मालकीणबाई म्हणाल्या.

थर्मामीटरने ४१.२ दाखवलं. निरोगी घोड्याचं तापमान विश्रांतीत ३७.५ ते ३८.५ च्या दरम्यान असतं. काम केल्यावर ते ४० च्या वर जाऊ शकतं, पण मग ते उतरायला लागायला हवं. हिचं अजून चढतच होतं. श्वास मोजले तर मिनिटाला शंभराच्या वर आणि नाडी बहात्तर. उभ्या घोड्याचे श्वास साधारण ८ ते १६ आणि नाडी २८ ते ४४ असते, म्हणजे नाडी कायम श्वासांच्या पुढे. इथे श्वास नाडीच्या पुढे गेले होते. असं झालं की मी आधी उष्णतेचा विचार करते, फुप्फुसांचा नंतर. खोकला नाही, नाकातून स्राव नाही. आयाळ उचलून बघितली तर तिच्याखाली हाताला थोडी ओल लागली. पुढच्या पायांच्या मधे, छातीखाली अजून जरा. बाकी सगळं अंग इस्त्रीच्या कपड्यासारखं गरम.

"पाण्याची नळी आणा, दोन असतील तर दोन."

तबेल्यातले सगळ्यात जुने मोतद्दार नळीपाशीच उभे होते, पण त्यांचा हात पुढे येईना. "डॉक्टरबाई, तापलेल्या अंगावर गार पाणी घातलं तर घोडी आखडते. पोट धरते."

हे मी जवळजवळ प्रत्येक पागेत ऐकलंय, आणि म्हणणारा माणूस नेहमी घोड्यावर जीव लावणाराच असतो. म्हणून रागवता येत नाही. पण तिथे वाद घालायला वेळही नव्हता. "काका, जबाबदारी माझी. तुम्ही मानेवर आणि छातीवर धरा, मी पाठीमागून धरते. थांबायचं नाही." पुढे निवांतपणी त्यांना सांगितलं, की १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला घोडे उन्हाळ्यात आणि दमट हवेत पळणार होते. म्हणून त्याआधी तापलेल्या घोड्यांवर गार पाणी ओतून मुद्दाम पाहिलं गेलं. घोडे आखडले नाहीत, निवले.

मालकीणबाईंनी मोठा ओला टॉवेल आणून पाठीवर टाकायला घेतला, तो मी परत दिला. टॉवेलातलं पाणी काही मिनिटांत कोमट होतं आणि मग त्याची झूलच होते, आतली उष्णता आत राहते. वाहतं पाणी हवं, आणि ते पुसून किंवा निपटून काढत बसायचं नाही, ओततच राहायचं. कुणीतरी समजूतदारपणे मोठा पंखा ओढत आणला. त्या दमट दुपारी पाण्याइतकंच त्या पंख्यानेही काम केलं.

"तापाचं इंजेक्शन द्या ना आधी," हाही आग्रह होता. दिलं नाही. ताप येतो तेव्हा मेंदूच शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकवतो आणि तापाचं औषध ते खाली आणतं. इथे मेंदूची काही तक्रार नव्हती, उष्णतेला बाहेर पडायला वाटच नव्हती. अशा वेळी ते इंजेक्शन उपयोगाचं नाही, आणि शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडांना त्रास व्हायचा. प्यायला मात्र मी पाणी लगेच दिलं. तापलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, ही आणखी एक जुनी भीती. घोडीने बादलीत तोंड घातलं आणि अर्धी रिकामी केली.

दर थोड्या वेळाने तापमान मोजत होतो. ३९ ला पाणी बंद केलं, कारण त्यानंतरही ते आपोआप थोडं उतरतंच. श्वास मागोमाग खाली आले. धाप चालू असताना फुप्फुसं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून आता परत स्टेथोस्कोप लावला. दोन्ही बाजू स्वच्छ.

ही धाप फुप्फुसांची नव्हतीच.

घोड्याच्या स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा चालण्या-पळण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. कुत्रा धापून थंड होतो. घोड्याची भिस्त मात्र घामावर असते, श्वासावाटे जाणारी उष्णता त्याच्या हिशोबात दुय्यम. हिशोब करून बघण्यासारखा आहे: साडेचारशे किलोच्या घोड्याचं तापमान १ अंशाने चढवायला पावणेचारशे किलोकॅलरीच्या आसपास उष्णता पुरते, आणि १ लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे एका लिटरला दीड अंश. जोराच्या कामात निरोगी घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. त्यातला बराच ठिबकून जातो, दमट हवेत तर फारच, तरी उरतो तो पुरेसा असतो. हे सगळं काढून घेतलं तर घोड्याकडे फक्त नाक उरतं. म्हणून तो धापतो, आणि बघणाऱ्याला दमा किंवा न्यूमोनिया दिसतो.

अशा घोड्याला इंग्रजीत अँहायड्रोसिस झालाय म्हणतात. उष्ण प्रदेशात नेलेल्या इंग्लिश थरोब्रेड घोड्यांमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याची वर्णनं लिहिली गेली. पण हा फक्त परदेशातून आलेल्या घोड्यांचा आजार नाही, उष्ण हवेतच जन्मलेल्या घोड्यांनाही होतो. फ्लोरिडातल्या एका पाहणीत शंभरात साधारण दोन घोडे असे निघाले. घाम पूर्ण बंद झालेले कमी असतात. जास्त करून तो पुरेसा येत नाही किंवा ठिकठिकाणी येतो, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

घोडी सावलीत उभी केल्यावर मी औषधांची पेटी मागितली. अँटिबायोटिक होतंच. त्याच्या शेजारी क्लेनब्युटेरॉलचं सरबत, श्वासनलिका मोकळ्या करायला. धाप आहे म्हणून सुरू केलेलं, आणि धाप जात नाही म्हणून चालू ठेवलेलं.

इथे जरा थांबून सांगायला हवं. घोड्याच्या घामग्रंथी अॅड्रेनलिनवर चालतात. ग्रंथीवर बीटा-२ नावाचे रिसेप्टर असतात, अॅड्रेनलिन त्यांना चिकटलं की घाम सुटतो. माणसाच्या अंगभरच्या घामग्रंथींना हुकूम वेगळ्या रसायनाकडून मिळतो, त्यामुळे आपल्या घामावरून घोड्याच्या घामाचा अंदाज बांधू नये. उष्ण हवेत दिवसरात्र हा हुकूम चालू राहिला तर रिसेप्टर प्रतिसाद देणं कमी करतात, आणि तसंच फार काळ चाललं तर ग्रंथीच बारीक होतात, असं या आजाराचं आजवरचं स्पष्टीकरण आहे. आणि क्लेनब्युटेरॉल काय करतं? त्याच बीटा-२ रिसेप्टरवर बसतं. श्वासनलिकेवरच्याही आणि घामग्रंथीवरच्याही. म्हणजे आधीच कंटाळलेल्या ग्रंथींना आपण रोज सकाळ-संध्याकाळ आणखी हाका मारत होतो. आजार त्या सरबताने झाला असं मी म्हणणार नाही, कारण धाप त्याआधीपासूनच होती. पण ते त्याच दिवशी बंद केलं.

मालकीणबाईंना विचारलं, घोडीला शेवटचा घाम कधी आला होता? त्यांना आठवेना. काकांना विचारलं तर त्यांनी एका दमात सगळी केस सांगितली. उन्हाळा लागल्यापासून चंदी अर्धी टाकते. पाणी कमी पिते. खरारा केला की कोंडा पडतो. कपाळावरचे आणि डोळ्यांभोवतीचे केस विरळ झालेत. "आणि तिच्या खोगिराखालचा पॅड मी धुवायचाच सोडला. भिजतच नाही तर धुवायचा कशाला?"

हे त्यांनी आधी कुणाला का सांगितलं नाही, तर कुणी विचारलं नव्हतं म्हणून. तबेल्यात घाम बघणारा माणूस एक आणि डॉक्टरशी बोलणारा माणूस दुसरा, असं फार ठिकाणी असतं. त्या दिवसापासून मी हिस्टरी घेताना पॅडबद्दल विचारतेच.

खात्री करायला चाचणी आहे, पण ती तापलेल्या घोडीवर आणि क्लेनब्युटेरॉल अंगात असताना करून उपयोग नव्हता. ते उतरू दिलं आणि मग एका गार सकाळी गेले. मानेवर एका ओळीत कातडीच्या आत टर्ब्युटालिनचे, म्हणजे बीटा-२ लाच हाक मारणाऱ्या औषधाचे, अगदी छोटे थेंब टोचायचे, प्रत्येक आधीच्याहून पातळ, आणि शेवटी एक नुसत्या सलाइनचा. मग अर्धा तास वाट बघायची. निरोगी घोड्याला अगदी पातळ थेंबाच्या जागीही घाम फुटतो, मानेवर ओल्या टिकल्यांची रांग दिसते. हिला सगळ्यात तीव्र थेंबापाशी रुपयाएवढी ओल आली, त्याच्या पुढच्यापाशी नखाएवढी, आणि पुढे काहीच नाही. ग्रंथी मेलेल्या नव्हत्या, बहिऱ्या झाल्या होत्या.

मग उपायांचं बोलणं निघालं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे घोडी थंड हवेच्या ठिकाणी हलवणं. तिथे बऱ्याच घोड्यांना परत घाम येऊ लागतो, पण उष्ण हवेत परत आणलं की पुन्हा तेच होण्याची शक्यता मोठी. ते जमणार नसेल तर घोडीचा दिवसच उलटा करायचा. चरायला रात्री सोडायचं, दिवसा सावलीत पंख्याखाली बांधायचं. काम पहाटे, तेही तापमान मोजून. केस वाढले तर कातरायचे. चंदीत मीठ आणि इलेक्ट्रोलाइट. दुपारच्या वेळी गाडीत चढवून कुठे न्यायचं नाही. बंद गाडी अशा घोड्यासाठी मैदानापेक्षा वाईट, कारण तिथे धाप लागलेली कुणाला दिसत नाही.

"आणि ती टायरोसिनची पावडर? बिअर पाजतात असंही ऐकलंय. अॅक्युपंक्चर?"

टायरोसिन हे एक अमिनो आम्ल, खाण्यातून देतात. त्या पावडरीने फरक पडला असं सांगणारे मालक मला भेटलेत, न पडलेलेही भेटलेत. चालू करायला माझी हरकत नव्हती, पण तिच्या भरवशावर पंखा बंद करायचा नाही, एवढं बजावलं. बिअरचे किस्से खूप आहेत, पुरावा नाही. अॅक्युपंक्चरची नीट तुलना करून पाहिली गेली, तेव्हा टिकाऊ फायदा दिसला नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी शेवटी विचारला, तोही सरळ नाही. हिवाळ्यात घोडी अगदी ठीक असते, उड्या चांगल्या मारते, तेव्हा हिला चांगला भाव येईल ना? मी म्हटलं, येईल, आणि पुढच्या उन्हाळ्यात घेणाऱ्याकडे ती कोसळेल. विकायची तर कागदावर लिहून विका, थंड प्रदेशातल्या माणसाला विका. विक्रीच्या तपासणीला मला बोलावलंत तर मी हे लिहिणारच, आणि दुसऱ्या कुणाला बोलावलंत तर त्याला हिवाळ्यात काही दिसणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, हिचं शिंगरू घेतलं तर? घराण्यात हा त्रास असलेल्या घोड्यांमध्ये तो जास्त दिसतो, म्हणून मी तरी हिच्यापासून पैदास करणार नाही, असं सांगितलं. त्यावर त्या नाराज झाल्या. माझ्या मते घोडी कोसळण्यापेक्षा मालकीण नाराज झालेली बरी.

घोडी विकली नाही. उन्हाळ्यातल्या स्पर्धांमधून तिचं नाव काढलं आणि तिला एका नवशिक्या मुलीच्या पहाटेच्या शिकवणीला दिलं. काकांशी मी एक आकडा ठरवून ठेवला: काम थांबवून दहा मिनिटांनी ३९.५ च्या वर असेल तर नळी आधी, मला फोन नंतर. ते थर्मामीटर आता खिशात ठेवतात आणि हल्ली पांढऱ्या घोड्याचंही तापमान मोजतात. तुलनेला बरं पडतं म्हणे.