सिपोरेक्सची भिंत आणि मिगचं सामान

आमच्या ओझरला विमान कारखान्यातल्या माणसाला कुणी 'एचएएलमध्ये आहे' असं म्हणत नाही. 'मिगमध्ये आहे' म्हणतात, कारखाना मिग विमानांसाठी उभा राहिला म्हणून. मीही मिगमध्येच होतो, 1985 ला अप्रेंटिस म्हणून लागलो तो 2024 ला रिटायर होईपर्यंत. टाउनशिपचं क्वार्टर सोडलं, वर्षभर भाड्याने काढलं आणि 2025 ला गावातल्या प्लॉटवर घर उभं राहिलं.

26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तेव्हा घरात टीव्हीसुद्धा लागलेला नव्हता. पेंटरच्या शिडीच्या पायरीवर मोबाइल टेकवून पाहिलं. 1963 पासूनचं विमान, 62 वर्षं! पाण्याचे फवारे उडाले तेव्हा पेंटर म्हणाला, "काका, दुसरा हात आज मारायचा की उद्या?" म्हटलं, उद्या.

सहा दिवसांनी दसऱ्याला कलश पूजून राहायला आलो. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा मात्र रिकाम्या हॉलमध्येच उरकली. पाटावर कोयता, सौ.ची कात्री, माझी लॉकवायरची, म्हणजे बोल्ट बांधायच्या तारेची पक्कड, कोरापुटच्या इंजिन कारखान्यातल्या मित्राने दिलेलं टर्बाइनचं बाद पातं आणि एक ॲल्युमिनियमचा तुकडा मांडला.

तुकडा हातभर लांबीचा, काउंटरसंक, म्हणजे डोकं पत्र्यात बुडणाऱ्या रिवेटच्या तीन ओळी मारलेला. ट्रेनिंग स्कूलमधला माझा टेस्ट पीस. उस्तादांनी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. अंगठ्याचं नख ओळीवरून सरकवलं, दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या रिवेटला ते अडकलं आणि पीस माझ्याकडे परत आला. पत्र्यावर रिवेटचं डोकं केसभरही वर नको, हवेला ते लागतं. घरी आलेल्या प्रत्येकाला मी तिथे नख फिरवायला लावतो. जावयांना अजून तो रिवेट सापडलेला नाही.

हा तुकडा आणि रिटायरमेंटला मिळालेलं लाकडी मॉडेल हॉलच्या भिंतीवर लावायचं होतं. खिळा ठोकला तर दोन फटक्यांत आत, आणि बोटाने ओढला तर पांढऱ्या भुकटीसकट बाहेर. भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या! इंजिनियरने 'वजनाला हलक्या, घर थंड राहतं' एवढंच सांगितलं होतं. आयुष्यभर विमानाच्या पत्र्याला रिवेट मारले आणि स्वतःच्या भिंतीत एक खिळा उभा राहीना. सौ. म्हणाली, "अहो, सुताराला बोलवा ना." मी बोलावलं नाही. पिंपळगावहून सिपोरेक्सचे लांब नायलॉन फास्टनर आणले, ड्रिलचं हॅमर बंद ठेवून भोकं पाडली, तेव्हा कुठे तुकडा बसला.

मॉडेल टांगलंय लॉकवायरने. पक्कड धरली की हाताला अजून आठवतं. दोन तारा एकमेकींत पिळायच्या, पीळ सैल नको आणि इतका कडकही नको की तार तुटेल. बोल्टला बांधताना ओढ नेहमी आवळायच्या दिशेने, म्हणजे बोल्ट सुटायला गेला की तार त्याला धरून ठेवते. टोक वळवून आत दाबायचं, नाहीतर पुढच्याचं बोट फाटतं. हे सगळं भिंतीवरच्या लाकडी विमानाला लागत नाही, हे मला कळतं. तरी केलं. फाटकाच्या कडीलाही केलं.

पात्याला सौ.ने शोकेसमध्ये जागा दिली, पितळी समईशेजारी. राहिली लाल फीत, 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' लिहिलेली. विमान उभं असताना पिटो ट्यूबवर, म्हणजे वेग मोजायच्या नळीवर कव्हर घालतात, त्याला ही लोंबत असते. कव्हर काढायचं विसरलं तर पायलटला वेग कळणार नाही, म्हणून ती लांबून दिसायला हवी. मी फ्रेम करणार होतो. सौ.ने ती पाण्याच्या मोटरसाठी घेतली. मोटर चालू केली की फीत स्वयंपाकघराच्या दाराला अडकवायची, बंद केली की काढायची. मला पटलं. फितीचा उपयोग तोच राहिला.

परवा टाकी अर्धा तास वाहत होती. फीत दारालाच होती. तिच्याखालून वाकून मी तीन वेळा चहा घ्यायला आत गेलो होतो.