तुम्ही विचारलंत म्हणून: पाच लाखांचं कार्ड असताना प्राथमिक केंद्र कशाला?

कुठे व्याख्यान झालं, लग्नात ओळख निघाली, की हा प्रश्न येतोच. शब्द थोडे इकडेतिकडे. "मॅडम, आता सरकारी आरोग्य विम्याचं पाच लाखांचं कार्ड झालंय, मोठं हॉस्पिटल फुकट मिळतं. मग तुम्ही अजून त्या प्राथमिक आरोग्य केंद्राचंच तुणतुणं का वाजवता?" त्याच्या पाठोपाठ, जरा हसून, दुसरा: "आणि डॉक्टर असून साखर, मजुरी, इथेनॉल यांत कशाला पडता?"

दोन्हींचं माझं उत्तर एकच आहे आणि ते बीड जिल्ह्यातलं आहे. काही वर्षं मी मराठवाड्यात वैद्यकीय अधिकारी होते. ओपीडीत बाईला पाळीची तारीख विचारावी तर ती सहज सांगायची, "पिशवी काढलीय की." पिशवी म्हणजे गर्भाशय. वय तिशीच्या आसपास. सोबतच्या जावेचीही काढलेली. ऐकणाऱ्याला धक्का बसावा असं त्यात काही आहे, हे त्यांच्या गावीही नसायचं.

२०१९ मध्ये हा विषय गाजला तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट नेमके जुळत नसतील, पण तीन आणि सतरा यांतलं अंतर वयोगटाने भरून निघत नाही.

आता हे झालं कसं? "लोभी डॉक्टर" हे उत्तर सोपं आहे आणि काही अंशी खरंही. पण लोभी डॉक्टर सगळीकडे असतात, सतरा टक्के सगळीकडे नसतात.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि ती टनावारी फिटते. एक दिवस काम बुडालं की त्या दिवसाची मजुरी जाते, वर खाडा लागतो, म्हणजे दंड. पहाटे अंधारात फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतात जायचं, त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. वाहन रात्री दोनला आलं तरी भरावंच लागतं. राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी मिळेल तिथून. पाळीचं कापड धुवायला आडोसा नाही, वाळवायला ऊन नाही. अशा सहा महिन्यांत पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची जळजळ सुरू झाली नाही तरच नवल. त्यात लग्न लवकर, मुलं लवकर, नसबंदीही पंचविशीच्या आत. मग कोणीतरी सांगतं की आता पिशवीचा उपयोग काय, ठेवलीत तर कॅन्सर होईल. दरमहा पडणारा खाडा आणि कॅन्सरची भीती एका बाजूला, एकदाच होणारं ऑपरेशन दुसऱ्या बाजूला. ती हिशेब करते आणि तिच्या बाजूने पाहिलं तर तो हिशेब वेडेपणाचा नाही. पुढे ऐन चाळिशीत हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, मोळी उचलवत नाही. ऑपरेशनसाठी वाढलेली उचल मात्र फिटायची असते.

या साखळीत मोठ्या हॉस्पिटलची जागा शेवटची, आणि कार्ड तिथेच चालतं. कार्डामागची महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांचे पैसे देते. ओपीडीत पांढरं जाण्यावर दिलेल्या गोळ्यांचे देत नाही. कार्डाला मी वाईट म्हणत नाही, हृदयाच्या झडपेसाठी, किडनीसाठी लोकांना त्याने तारलंय. पण खाली प्राथमिक उपचार नसताना वरच्या ऑपरेशनचे पैसे सरकार भरू लागलं की काय होतं, ते आपण एकदा पाहिलंय. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना २००८ मध्ये आली, कुटुंबाला ३०,००० रुपयांचं कवच. हेतू उत्तमच. २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमध्ये त्याच योजनेखाली खासगी दवाखान्यांनी तरुण बायकांच्या पिशव्या धडाधड काढल्याचं उघडकीला आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अनावश्यक ऑपरेशनं रोखायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये निघाली आणि ती राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश एप्रिल २०२३ मध्ये झाला. योजना ते आदेश, पंधरा वर्षं! योजना आखताना कोणी एकाने विचारलं असतं, "याचा खेड्यातल्या बाईच्या शरीरावर काय परिणाम होईल?", तर निदान पहिल्या वर्षापासून मोजदाद तरी झाली असती.

बीडमध्ये २०१९ पासून पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. चांगलं झालं. पण परवानगीच्या कागदाने ओटीपोट दुखायचं थांबत नाही.

ते थांबवायचं काम प्राथमिक केंद्राचं, आणि इथेच मला तुणतुणं वाजवावं लागतं, कारण लागणारं बहुतेक सगळं सरकारी यादीत आधीच आहे. लैंगिक व प्रजनन मार्गाच्या संसर्गासाठी रंगीत किटं येतात. योनीदाहासाठी हिरवं, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळं, गर्भाशयमुखाच्या स्रावासाठी करडं. करड्याच्या वेळी नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर ती महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येते. कॅन्सरच्या भीतीलाही उत्तर आहे. तीस वर्षांवरच्या बाईच्या गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. शिकलेली नर्स हे करू शकते. डाग नसेल तर "आत्ता कॅन्सरची खूण दिसत नाही, बाई" असं सांगायला एक माणूस मिळतं, आणि त्या एका वाक्याने किती पिशव्या वाचतील याचा अंदाज मला माझ्या ओपीडीवरून आहे. डाग असेल तर तालुक्याला पाठवायचं, आणि तिथे मग कार्ड खरंच कामाला येतं.

मग हे होत का नाही? तपासणीच्या खोलीला कडी नसते. डॉक्टर पुरुष असतो आणि बाई पडद्याआड जायला तयार नसते. हिरवी किटं संपलेली असतात, करडी पडून असतात. ओपीडीची वेळ आणि तोडीची वेळ एकच, त्यामुळे नवरा तर येतच नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण यादीची. उपकेंद्र ५,००० लोकसंख्येमागे, प्राथमिक केंद्र ३०,००० मागे, आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, साधारण हजारामागे, आणि ही सगळी लोकसंख्या त्या गावात राहणारी धरलेली. दिवाळीच्या सुमारास धारूरहून, पाटोद्याहून निघालेलं कुटुंब कोल्हापूर-सांगलीच्या फडावर पोचतं तेव्हा बीडच्या आशाताईच्या वहीत "स्थलांतरित" होतं आणि तिकडच्या आशाताईच्या वहीत चढतच नाही. गरोदर असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून आठव्यापर्यंत ती कोणाचीच नसते.

२०१८ नंतर उपकेंद्रांना पिवळा रंग लागला, भिंतींवर योगासनं आली, २०२३ मध्ये नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. रंगाला माझी हरकत नाही. समुदाय आरोग्य अधिकारी मिळाले, ही तर मोठीच गोष्ट. पण माझ्या लेखी सुधारणा म्हणजे कडी, किटं, संध्याकाळची ओपीडी आणि जिल्हा ओलांडणारी नोंद. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय की आरोग्यावरच्या सरकारी खर्चाचा दोन-तृतीयांश किंवा जास्त वाटा प्राथमिक सेवेला द्यावा. मी नवीन काही मागत नाही.

राहिला साखरेचा प्रश्न. केंद्र कितीही चांगलं चालवा, बाई खाड्याच्या भीतीने तिथवर पोचलीच नाही तर डॉक्टर काय करणार? खाडा ठरतो मुकादमाकडे, टनाचा दर ठरतो साखर कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटनांच्या वाटाघाटीत, ऊस किती लागणार हे आता उसापासून होणारं इथेनॉलही ठरवतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आणलं, तेव्हा परकीय चलनाचा, पाण्याचा, अन्नधान्याचा हिशेब वर्तमानपत्रांतून भरपूर वाचला. तोडणाऱ्या बाईच्या कंबरेचा वाचला नाही. रोज ५,००० टन किंवा जास्त गाळपाच्या कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागते. त्या कागदांचा रोख सांडपाणी, धूर आणि राखेवर असतो. फड कुंपणाबाहेर पडतो.

थायलंडने २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्यात एक कलम घातलं: एखाद्या सार्वजनिक धोरणाच्या आरोग्यावरील परिणामांचं मूल्यमापन करा, अशी मागणी कोणत्याही नागरिकाला करता येते आणि त्या प्रक्रियेत भागही घेता येतो. वेल्सने २०१७ च्या कायद्यात सार्वजनिक संस्थांवर अशा मूल्यमापनाची जबाबदारी टाकली. हे ऐकून आपल्याकडे लोक म्हणतात, आणखी एक अहवाल, आणखी एक सल्लागार कंपनी. ती भीती मलाही आहे. पर्यावरणाच्या अहवालांचं काय होतं ते आपण बघतोच.

म्हणून मी मागते ते फार लहान आहे. दर हंगामाआधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या अर्जात चार रकाने वाढवा. तोडीला किती कोयते येणार आणि कुठल्या तालुक्यांतून. तोडकऱ्यांच्या तळांवर संडास आणि पाणी किती. जवळचं प्राथमिक केंद्र कोणतं आणि हंगामात तिथे संध्याकाळी बाई-डॉक्टर किंवा नर्स बसणार का. आजारपणाचा खाडा लावणार नाही असं मुकादमाकडून लिहून घेतलंय का. हंगाम संपला की तेच चार रकाने पुन्हा भरून घ्यायचे आणि प्राथमिक केंद्राच्या नोंदीशी ताडून बघायचे.

एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एक अधिकारी म्हणाले, "मॅडम, हा विषय आरोग्य खात्याचा." आरोग्य खात्याच्या बैठकीत ऐकलं होतं, हा विषय साखर आणि कामगार खात्याचा. आता दोघांना एकाच टेबलाशी बसवायची खटपट चालू आहे. गाळप साधारण दिवाळीच्या सुमाराला सुरू होतं, अर्ज त्याआधी येतात, तेव्हा वेळ फार नाही.